लोहाराचा मुलगा : मायकेल फॅरडे

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांची आणि मायकेल फॅरडेची ओळख दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात होते आणि तिथेच संपते. पुढे जमाखर्च, आयकर, कंपनी कायदा या मंडळींचा सहवास सुरू झाला की तारेचे वेटोळे आणि लोहचुंबक कोण आठवतो? माझ्या बाबतीतही तसेच झाले असते. परंतु गेल्या वर्षी एका जुन्या मोटारीच्या वेगाच्या काट्याने मला पुन्हा फॅरडेकडे नेऊन सोडले. ती हकीकत यथावकाश येईलच. पण या माणसाचे आयुष्य असे आहे की प्रथम ते सांगावे, मोटार मागाहून आली तरी चालेल.

मायकेलचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनच्या दक्षिणेला न्यूइंग्टन बट्स या वस्तीत झाला. वडील जेम्स लोहारकाम करीत. उत्तर इंग्लंडातून पोटासाठी लंडनला आलेले हे कुटुंब. वडिलांची प्रकृती नेहमी तोळामासा, त्यामुळे भाता रोज पेटेलच याची खात्री नसे. १८०१ साली धान्य अतोनात महाग झाले तेव्हा नऊ वर्षांच्या मायकेलच्या वाट्याला आठवड्याला एक पाव येई, आणि तो त्याने आठवडाभर पुरवायचा असे. चार भावंडांत त्याचा क्रमांक तिसरा. हे वाचताना मला आपल्याकडील दुष्काळाच्या गोष्टी आठवल्या. भुकेला विलायत आणि हिंदुस्थान असा भेद नसतो.

शाळा अशी फारशी झालीच नाही. लिहिणे, वाचणे आणि थोडे गणित, एवढीच शिदोरी. लहानपणी त्याला र हे अक्षर उच्चारता येत नसे. स्वतःच्या थोरल्या भावाचे, रॉबर्टचे, नाव तो भलतेच घेई. याबद्दल शाळेतल्या बाईंनी त्याला फोडून काढण्यासाठी रॉबर्टलाच पैसे देऊन छडी आणायला पाठवले. रॉबर्टने ते नाणे भिंतीपलीकडे भिरकावले आणि घरी जाऊन आईला सांगितले, आईने दोघांनाही शाळेतून काढून घेतले, अशी कथा सांगतात. उच्चारावरून मुलाची अक्कल मोजण्याची ही पद्धत तिकडेही होती तर! मराठी माध्यमातून येऊन इंग्रजीत उत्तर देताना अडखळणाऱ्या आम्हा मुलांना ही कथा विशेष जवळची वाटावी.

तेराव्या वर्षी, १८०४ साली, तो ब्लॅनफर्ड स्ट्रीटवरच्या जॉर्ज रिबो या पुस्तकविक्रेत्याकडे पोऱ्या म्हणून लागला. काम काय, तर वर्तमानपत्रे घरोघरी पोहोचवायची. पुढच्या वर्षी रिबोने त्याला पुस्तकबांधणी शिकण्यासाठी सात वर्षांच्या कराराने ठेवून घेतले. अशा उमेदवारीसाठी त्या काळी मुलाच्या बापालाच पैसे मोजावे लागत. रिबोने ते घेतले नाहीत. जगाच्या इतिहासात या रिबोचे नाव कोणी फारसे घेत नाही, पण मला तो मोठा माणूस वाटतो. दुकानात बांधायला आलेली पुस्तके हा पोरगा वाचत बसतो हे त्याच्या लक्षात आले होते, आणि त्याने ते चालू दिले. एवढेच नव्हे, तर दुकानाच्या मागच्या बाजूला छोटे छोटे प्रयोगही करू दिले. किती मालक असे करतील?

विश्वकोशाचा एक खंड बांधणीला आला, त्यात विजेवर मोठा लेख होता. तो वाचून मायकेलने बाटल्या आणि लाकडाचे तुकडे जमवून घर्षणाने वीज निर्माण करण्याचे यंत्र केले. जेन मार्सेट या बाईंचे रसायनशास्त्रावरील संवादरूप पुस्तक त्याच्या हाती आले. त्यात लिहिलेले खरे की खोटे, हे तो आपल्या तुटपुंज्या साहित्यावर पडताळून पाही. पुढे जगप्रसिद्ध झाल्यावरही त्याने या बाईंना गुरुस्थानी मानले. शहरात एक टेटम नावाचे गृहस्थ आपल्या घरी विज्ञानावर व्याख्याने देत. प्रवेश एक शिलिंग. तो शिलिंग कोठून आणायचा? तोच र अक्षराचा रॉबर्ट, आता बापाच्या धंद्यात पडलेला, धाकट्या भावाला तो देई. १८१० साली वडील वारले. घर कसे चालले असेल याची कल्पना केलेलीच बरी.

१८१२ च्या वसंतात दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने या मुलाला रॉयल इन्स्टिट्यूशनमधील सर हम्फ्री डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. डेव्ही म्हणजे त्या काळातला विज्ञानाचा नटसम्राटच. व्याख्यानाला लंडनमधले उमराव आणि त्यांच्या बायका गर्दी करीत. वरच्या गॅलरीत बसून बांधणीवाल्या पोराने चार व्याख्याने ऐकली, टिपणे घेतली, घरी ती सुवाच्य अक्षरांत उतरवली, आकृत्या काढल्या आणि त्या तीनशेच्या वर पानांचे स्वतःच्या हाताने उत्तम पुस्तक बांधले. ते त्याने डेव्हीकडे पाठवून दिले. नोकरीसाठी याहून चांगला अर्ज मी ऐकलेला नाही. आमच्या व्यापारी पत्रव्यवहाराच्या तासाला हा नमुना म्हणून दाखवायला हरकत नसावी.

डेव्हीने त्याला भेटीस बोलावले आणि सध्या जागा नाही, बांधणीचाच धंदा धरून राहावे असा सल्ला दिला. थोड्याच दिवसांत प्रयोगशाळेतल्या मदतनिसाला मारामारीबद्दल काढून टाकले गेले, आणि १ मार्च १८१३ रोजी फॅरडेची नेमणूक झाली. आठवड्याला २५ शिलिंग पगार, माळ्यावरच्या दोन खोल्या, कोळसा आणि मेणबत्त्या. वय एकवीस. म्हणजे आमच्याहून एकच वर्षाने मोठा.

त्याच वर्षी ऑक्टोबरात डेव्ही सपत्नीक युरोपच्या प्रवासाला निघाला आणि फॅरडेला बरोबर घेतले. डेव्हीचा खासगी नोकर ऐनवेळी यायला नकार देऊन बसला, म्हणून कपडे-सामान पाहण्याचे कामही तात्पुरते फॅरडेकडे आले. ते तात्पुरते दीड वर्ष टिकले. डेव्हीच्या पत्नीने त्याला नोकराप्रमाणेच वागवले. एकदा तर सर्व सोडून घरी परतावे असे त्याच्या मनात आले होते. पण याच प्रवासात त्याने पॅरिसमध्ये अँपिअरला आणि इटलीत वृद्ध व्होल्टाला पाहिले. ज्यांची नावे आज विजेच्या मापांना आहेत ती माणसे त्याने अशी नोकराच्या जागेवरून पाहिली. पुढे त्याच रांगेत त्याचेही नाव बसले. विद्युतधारित्राचे माप फॅरड हे त्याच्यावरूनच.

परत आल्यावर रसायनशास्त्रात त्याने पुष्कळ काम केले. क्लोरीन वायू द्रवरूप केला, १८२५ साली बेंझीन शोधून काढले. १८२१ साली सारा बर्नार्डशी विवाह झाला. संसार सुखाचा झाला, मूलबाळ झाले नाही. त्याच वर्षी विजेच्या तारेला चुंबकाभोवती सतत फिरायला लावून त्याने विजेच्या मोटारीचे मूळ तत्त्व दाखवले. यावरून मात्र किटाळ उठले. वोलस्टन या ज्येष्ठ शास्त्रज्ञाची कल्पना चोरली अशी कुजबुज झाली. १८२४ साली फॅरडे रॉयल सोसायटीचा सभासद निवडला गेला तेव्हा सोसायटीचा अध्यक्ष होता खुद्द डेव्ही, आणि त्याने या निवडीला विरोध केला होता. गुरूला शिष्य जड व्हावा, याचे वाईट वाटते. फॅरडेने मात्र डेव्हीबद्दलची कृतज्ञता अखेरपर्यंत सोडली नाही.

आता १८३१ सालाकडे येऊ. येथे थोडे सावकाश चालले पाहिजे.

विजेपासून चुंबकत्व मिळते हे माहीत होते. मग चुंबकत्वापासून वीज का मिळू नये? हा प्रश्न अनेकांच्या मनात होता. २९ ऑगस्ट १८३१ रोजी फॅरडेने लोखंडाचे एक कडे घेतले. त्याच्या दोन अर्ध्यांवर तारेची दोन स्वतंत्र वेटोळी गुंडाळली, मध्ये सुतळी आणि सुती कापडाच्या पट्ट्या घातल्या. बांधणीकामाचा हात येथेही दिसतो! एका वेटोळ्यात वीज सोडली की दुसऱ्याला जोडलेली सुई क्षणभर हलते, मग स्वस्थ होते. वीज बंद केली की पुन्हा हलते, पण उलट दिशेने. वीज वाहत राहिली तर काहीच नाही. बदल झाला तरच परिणाम! ऑक्टोबरात त्याने नुसता चुंबक वेटोळ्यात आतबाहेर करून वीज मिळवली. आणि २८ ऑक्टोबरला एका मोठ्या चुंबकाच्या दोन टोकांमध्ये तांब्याची चकती फिरवून सलग वाहणारी वीज मिळवली. जगातले पहिले जनित्र ते हेच.

ही तांब्याची चकती त्याच्या डोक्यात एका जुन्या कोड्यामुळे होती. फ्रान्समधील आरागो याने १८२४ साली दाखवले होते की तांब्याची चकती होकायंत्राच्या सुईखाली गरगर फिरवली तर सुईही तिच्यामागे ओढली जाते. तांब्याला चुंबक चिकटत नाही, मध्ये स्पर्श नाही, मग ओढते कोण? बड्याबड्यांनी डोकी खाजवली होती. फॅरडेने उलगडा केला. चुंबकाजवळून धातू सरकला की धातूच्या अंगात विजेचे प्रवाह उठतात, आणि ते प्रवाह स्वतः चुंबकासारखे वागून दोघांमधील सापेक्ष गतीला विरोध करतात. त्यामुळे एक फिरले की दुसरे त्याच्यामागे फरफटते. पुढे १८५५ साली फुको याने अशा प्रवाहांनी धातू तापतो हे दाखवले. आज त्यांना भोवरा प्रवाह म्हणतात.

येथे ती मोटार येते.

माझ्या मामांचे बेळगावात गॅरेज आहे. त्यांच्याकडे एक जुनी ॲम्बेसेडर आहे. लग्नाच्या वरातीला आणि हौशी मंडळींना फिरायला ती भाड्याने जाते, दर किलोमीटरप्रमाणे. सुट्टीत हिशेबाची वही माझ्याकडे असते. गेल्या वर्षी तिचा गिअरबॉक्स कामातून गेला आणि मामांनी दुसऱ्या जातीच्या गाडीचा पाच गिअरचा बॉक्स तिला बसवला. गाडी सुरेख पळू लागली. परंतु वेगाचा काटा भलताच धावू लागला. बेळगाव-खानापूर रस्ता सुमारे २६ किलोमीटरचा, तर मीटरवर ३२-३३ पडत. गिऱ्हाइकाला हे कळत नाही. चार किलोमीटरला पाचाचे पैसे! मामांच्या एका स्नेह्याने असेच राहू द्यावे असे सुचवले. मामांनी त्याला उत्तर दिले नाही, पण मीटर नीट होईपर्यंत गाडी भाड्याला सोडायची नाही असे ठरवले. लग्नसराईचे दिवस होते. वहीत त्या तीन आठवड्यांची पाने कोरी आहेत.

असे का झाले हे मला मिस्त्रींनी समजावले. मिस्त्री कानडी, मी मराठी, आमची भाषा दोन्हींची खिचडी. वेगाच्या काट्याला गती इंजिनाकडून मिळत नाही. गिअरबॉक्समधून जो दांडा मागच्या चाकांकडे जातो, त्याच्यावर एक मळसूत्री चाक असते. ते एका लहान दातेरी चाकाला फिरवते, आणि ते चाक केबलच्या आतल्या लवचीक तारेला. म्हणून कोणता गिअर टाकला आहे याचा काट्याशी संबंध नसतो. संबंध असतो त्या दोन चाकांच्या दात्यांशी, मागच्या ॲक्सलच्या प्रमाणाशी आणि टायरच्या घेराशी. आमचा ॲक्सल तोच, टायर तेच. नव्या बॉक्समधले दाते मात्र वेगळे.

किती वेगळे, हे मोजायची रीत अगदी सोपी आहे. केबल मीटरच्या बाजूने सोडवायची, आतल्या तारेच्या टोकाला कागदाचा झेंडा चिकटवायचा, आणि मागच्या चाकांचे बरोबर सहा फेरे होईतो गाडी सपाट जागी ढकलायची. एक चाक उचलून फिरवले तर चालत नाही. दुसरे स्थिर राहते आणि डिफरन्शियलमुळे हिशेब निम्म्यावर येतो. आमच्या चाकाचा घेर जवळजवळ दोन मीटर, म्हणजे सहा फेऱ्यांना १२ मीटर. तेवढ्यात झेंडा नऊ पूर्ण फेरे फिरून दहाव्याच्या निम्म्याच्या थोडा पुढे गेला, म्हणजे ९.६ धरा. किलोमीटरला ८०० फेरे झाले. आमचे मीटर मात्र किलोमीटरला ६४० फेऱ्यांचे. ८०० भागिले ६४० म्हणजे सव्वा. खरा वेग ४० असता काटा ५० दाखवणार. त्रैराशिक कॉमर्सवाल्याला कोणी शिकवावे लागत नाही!

एक उपाय असा सुचवला गेला की मीटर दुरुस्त करणाऱ्याकडून काटाच खाली आणून घ्यावा. मिस्त्रींनी मीटर उघडून दाखवले तेव्हा मला ते कोडे आणि फॅरडे दोन्ही दिसले. केबल एका लहानशा लोहचुंबकाला फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची पातळ वाटी, तिला काटा जोडलेला. चुंबक आणि वाटी यांचा स्पर्श नाही. ॲल्युमिनियमला चुंबक ओढतही नाही. तरी चुंबक फिरला की वाटी त्याच्यामागे जाऊ पाहते, केसासारखी बारीक स्प्रिंग तिला आवरते, आणि या ओढाताणीत काटा जेथे थांबतो तो वेग. आरागोची चकती, फॅरडेचा उलगडा! या तत्त्वावर वेगमापक करण्याचे पेटंट जर्मनीत ऑटो शुल्झे याने १९०२ साली घेतले. मिस्त्रींनी चुंबकाला कानडीतला शब्द वापरला, अयस्कांत. तो संस्कृतच आहे, आणि आमच्या लोहचुंबकापेक्षा मला तो जास्त आवडला.

पण त्या मीटरात दुसरेही एक यंत्र आहे. किलोमीटरचे आकडे फिरवणारी चाके दात्यांनी थेट केबलशी बांधलेली असतात. तेथे चुंबक नाही, स्प्रिंग नाही, नुसती मोजणी. चुंबकाची ताकद कमी करून काटा जागेवर आणला तरी आकडे सव्वापटच पडत राहतील. काटा खरा बोलेल आणि खातेवही खोटे! म्हणून फेरेच कमी केले पाहिजेत. नव्या बॉक्सला योग्य दात्यांचे लहान चाक मिळाले असते तर काम एका तासात झाले असते. ते मिळाले नाही. मग उद्यमबागेतल्या एका कारागिराने केबलच्या मध्ये बसणारी मुठीएवढी पेटी करून दिली. आत १६ दात्यांचे चाक आणि २० दात्यांचे. पाच फेरे आत, चार फेरे बाहेर. परंतु दोनच चाके एकमेकांत गुंतवली तर दुसरे उलटे फिरते, आणि चुंबक उलटा फिरला तर काटा शून्याच्या खिळ्यावरच दाबून बसेल. म्हणून मध्ये तिसरे चाक घालावे लागते. ते दिशा पालटते, प्रमाण बदलत नाही. पेटी बसवून मोबाईलवरचा वेग आणि काटा ताडून पाहिला. ४० ला ४०. खानापूरच्या फेरीला मीटरवर २६ पडले.

जुन्या घरांतील वीजमीटरमध्ये काचेआड मंद फिरणारी चकती पुष्कळांनी पाहिली असेल. तीही ॲल्युमिनियमची, आणि तिला आवर घालणारा चुंबकही याच तत्त्वावर. आजच्या गाड्यांत केबल राहिलेली नाही. पण चुंबक आणि वेटोळे यांवर चालणाऱ्या सेन्सरला फॅरडेचा शोध अजून सुटलेला नाही. असो. आपण चरित्रावर परत येऊ.

माझ्या मते फॅरडेच्या आयुष्यातला सर्वांत मोठा निर्णय प्रयोगशाळेत झाला नाही, जमाखर्चात झाला. १८३० च्या सुमारास कारखानदारांसाठी रासायनिक तपासण्या करून, न्यायालयात तज्ज्ञ म्हणून साक्ष देऊन त्याला वर्षाला हजार पौंडांच्या घरात वरकमाई होत होती. रॉयल इन्स्टिट्यूशनचा पगार १०० पौंड आणि राहायला जागा. चुंबकातून वीज मिळाल्यावर त्याने ही बाहेरची कामे झपाट्याने सोडली. १८३२ साली ती मिळकत दीडशे पौंडांवर आली आणि काही वर्षांत नाहीशी झाली. आम्हाला संधीची किंमत हा धडा अर्थशास्त्रात शिकवतात. एक गोष्ट निवडताना जी दुसरी सोडली तिचे मोल किती? फॅरडेने सोडलेल्या गोष्टीचा आकडा कागदावर आहे. मिळालेल्याचा कोणी मांडावा? त्याने पेटंटही घेतले नाही. हे शहाणपण की वेडेपणा, यावर आमच्या वसतिगृहात एक रात्र वाद झाला. मी तेव्हा वेडेपणाच्या बाजूने बोललो आणि आजही मला नक्की सांगता येत नाही.

त्याच्या नावावर एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. मंत्र्याने विजेचा उपयोग काय असे विचारले आणि फॅरडेने यावर एक दिवस कर बसवता येईल असे सांगितले म्हणून. आयकराच्या तासाला ती हटकून निघते. तिला त्या काळातला पुरावा नाही, तेव्हा तिला येथे थारा नको. मानी स्वभावाची खरी हकीकत दुसरी आहे. १८३५ साली सरकारी वर्षासनाच्या संदर्भात पंतप्रधान लॉर्ड मेलबर्नला भेटायला तो गेला. मेलबर्न शास्त्रज्ञांना वर्षासने देण्याच्या प्रथेबद्दल तुच्छतेने बोलला. फॅरडेने त्याच दिवशी नकार कळवून टाकला. अखेर मेलबर्नला दिलगिरी व्यक्त करावी लागली, तेव्हा कोठे त्याने वर्षाचे ३०० पौंड स्वीकारले.

प्रयोगांच्या नोंदी ठेवण्यात त्याची शिस्त एखाद्या जुन्या पेढीच्या मुनिमाला लाजवील अशी. १८३२ पासून प्रत्येक परिच्छेदाला त्याने क्रमांक दिला, आणि १८६२ सालच्या अखेरच्या नोंदीचा क्रमांक आहे १६०४१. फसलेले प्रयोगही त्यात आहेत, खोडून टाकलेले नाहीत. १८३३-३४ मध्ये त्याने विद्युतअपघटनाचे नियम काढले. नव्या कल्पनांना जुने शब्द पुरेनात, तेव्हा केंब्रिजच्या ह्यूवेल या विद्वानाशी पत्रव्यवहार करून ॲनोड, कॅथोड, आयन असे ग्रीक घडणीचे शब्द सिद्ध केले. आपल्या पुस्तकांतली धनाग्र आणि ऋणाग्र ही जोडी त्यांचीच पुतणी.

गणित त्याला येत नव्हते. ही अतिशयोक्ती नाही. त्याच्या लेखांत समीकरणे नाहीत. चुंबकाभोवती लोखंडाचा कीस पसरून दिसणाऱ्या रेषा, त्याच त्याने मनाने अवकाशभर पसरल्या आणि विचार केला. गणितज्ञांनी त्या रेषा फारशा मनावर घेतल्या नाहीत. १८५५-५६ साली जेम्स क्लार्क मॅक्सवेल या चोविशीतल्या तरुणाने त्यांवर निबंध लिहिला आणि त्या रेषांना गणिताची भाषा दिली. फॅरडेला आनंद झाला. पण त्याने पुढे पत्राने त्याला विचारले की गणितज्ञांनी आपले निष्कर्ष साध्या भाषेतही का लिहू नयेत, म्हणजे आमच्यासारख्यांना प्रयोगाने ते तपासता येतील. मला हा प्रश्न फार आवडला. तो पासष्टीच्या माणसाने, जगन्मान्य माणसाने विचारला, म्हणून अधिकच.

१८४० च्या आगेमागे त्याची प्रकृती ढासळली. चक्कर येई, आणि स्मरणशक्ती दगा देऊ लागली. काही महिने स्वित्झर्लंडमध्ये विश्रांतीत गेले. तरी १८४५ साली त्याने चुंबकाचा परिणाम प्रकाशावर होतो हे दाखवून दिले. विसरभोळेपणा पुढे वाढतच गेला, म्हणून त्या क्रमांकांच्या वहीचे मोल त्याला स्वतःलाही कळले असेल.

मुलांसाठी नाताळात त्याने एकोणीस वर्षे व्याख्यानमाला दिल्या. त्यांतली १८६०-६१ ची केवळ मेणबत्तीवर होती. दीपगृहांच्या कामातही तो १८३६ पासून सल्लागार होता. १८५८ साली साउथ फोरलँडच्या दीपगृहात विजेचा दिवा लागला. चुंबक आणि वेटोळे यांतून निघालेल्या विजेचा तो दिवा पाहायला १८६० च्या फेब्रुवारीत अडुसष्ट वर्षांचा फॅरडे निघाला. पहिल्या खेपेस बर्फामुळे परतावे लागले. त्याच आठवड्यात तो पुन्हा गेला. रस्ते बंदच होते, तेव्हा कुंपणे, भिंती आणि शेते ओलांडून तो दीपगृहापर्यंत पोहोचला, आणि तपासणी करून अहवाल लिहिला. काम म्हणजे काम.

क्रिमियाच्या युद्धात विषारी वायूसंबंधी सरकारने विचारणा केली असता त्याने त्या कामाला हात लावण्यास नकार दिला. सर ही पदवी नाकारली. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद देऊ केले तेही नाकारले. ज्या साध्या पंथात तो वाढला तेथे पैसा साठवणे आणि मानमरातब मिरवणे दोन्ही बसत नव्हते. १८५८ साली राणी व्हिक्टोरियाने हॅम्प्टन कोर्ट येथे राहायला घर दिले, ते मात्र घेतले. पुढे इंग्लंडच्या मध्यवर्ती बँकेने १९९१ साली आपल्या २० पौंडांच्या नोटेवर शेक्सपिअरच्या जागी त्याचे चित्र छापले. ती नोट २००१ पर्यंत चालली. पैशाकडे पाठ फिरवलेल्या माणसाचे चित्र नोटेवर, ही बँकेची गंमतच म्हणायची.

अखेरची वर्षे शांत आणि विस्मृतीत गेली. साराने त्याची सेवा केली. २५ ऑगस्ट १८६७ रोजी हॅम्प्टन कोर्टच्या घरात, आपल्या खुर्चीत बसलेला असताना, तो गेला. हायगेटच्या दफनभूमीत त्याची कबर आहे. दगडावर नाव आहे, जन्माची तारीख आहे आणि मृत्यूची तारीख आहे.